उधार राहिलेलं अर्धं भाषण

सर, आज सकाळी टावर चौकात मला पोहे मिळाले नाहीत, आणि ही बाब मी पूर्ण गांभीर्याने तुमच्या कानावर घालतो आहे. पोहे होते. परातभर होते, वाफ निघत होती, शेवेचा डबा उघडा होता, जिरावण मसाल्याचा वास फुटपाथपर्यंत येत होता. भूक माझ्याकडे होती, पैसे माझ्याकडे होते, आणि समोर तोच पोहेवाला होता जो मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखतो. अडचण एवढीच की त्याच्या पोराने दुकान सुधारलं आहे. आता आधी भिंतीवरचं ठिपक्यांचं चित्र फोनने टिपायचं, मग नाव सांगायचं, मग नंबर द्यायचा, मग फोनवर आकडे येतात ते परत त्यालाच सांगायचे, मग टोकन आणि मग पोहे. माझे आकडे आलेच नाहीत. पोहेवाला बिचारा ओशाळला. म्हणाला, "भाईसाब, मैं तो आपको पहचानता हूँ, सिस्टम नहीं पहचान रहा." मी म्हटलं, "तू पहचानता है ना? फिर दे दे." त्यावर त्याने गल्ल्यावर बसलेल्या मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपल्या लहानपणी मुलं बापाकडे बघायची.

तुम्ही असता तर म्हणाला असता, दुकान त्याचं, नियम त्याचे, तुला पसंत नसेल तर पुढच्या ठेल्यावर जा. गेलो, सर. पुढच्या ठेल्यावरचे पोहे संपले होते. सिद्धांत खरा उतरला आणि माणूस उपाशी राहिला. तुम्ही गेलात तेव्हा फोनला वायर होती, नानाखेड्याला शेतं होती, आणि तुमच्याशी भांडायचं तर सायकल काढून तुमच्या घरापर्यंत यावं लागायचं. आता त्या शेतांच्या जागी बसस्टँड आणि कॉलन्या आहेत, त्यातल्याच एकीत मी राहतो, आणि भांडण घरपोच मिळतं. फक्त समोर कुणी नसतं. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसलो आहे. पोह्यांचं निमित्त झालं. खरं सांगायचंय ते गेल्या रविवारचं, पण ते तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही, तेव्हा जरा फिरून येतो.

कॉलेजात तुम्ही आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचात असं कागदोपत्री आहे. मला आठवते ती मराठी मंडळाच्या मागच्या खोलीतली गुरुवारची बैठक. तिथे अध्यक्ष नव्हता, आभारप्रदर्शन नव्हतं, दीपप्रज्वलन नव्हतं, कुठलाही विषय वर्ज्य नव्हता. फळ्यावर खडूने ज्याला वाटेल त्याने आपलं नाव आणि विषय लिहायचा आणि गुरुवारी येऊन बोलायचं. नियम एकच. विरोधात बोलायचं असेल तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि अशी मांडायची की तो स्वतः म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. त्याची मान हलेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो आणि जगातले सगळे दुकानदार चोर आहेत अशी माझी पक्की खात्री होती. दुधाचे भाव सरकारने बांधून द्यावेत यावर मी असा काही तडाखा लावला की लोक पोट धरून हसले. मी खाली बसलो, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "छान. पण तू माणसाला नाही मारलंस. त्याचा सदरा दोरीवर वाळत होता, त्याला बडवून आलास." सगळ्यांसमोर. त्या एका वाक्याने माझा धंदा ठरला. तेव्हापासून मी सदऱ्यातला माणूस शोधतो आहे. बहुतेक वेळा सदरा रिकामाच निघतो, हा भाग वेगळा.

त्याच महिन्यात कधीतरी मी तुमच्या घरी आलो. तुमच्या घरच्या बाई शाळेत शिकवायला गेल्या होत्या. तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात, धोतराचा सोगा खोचलेला, चहा उतू जाण्याच्या बेतात, आणि मला म्हणता आहात, "सांडशी दे, सांडशी, बघत काय बसलास." मी सांडशी देतो आणि विचारतो, "सर, आपली मराठी इथे माळव्यात टिकेल का हो?" मला वाटलं होतं तुम्ही हळहळाल. मंडळातले सगळेच हळहळायचे. तुम्ही चहा गाळत म्हणालात, "आपले पूर्वज इथे कुणाला विचारून आले होते? दरबाराची पत्रं लिहायला आले. पुढे तलवार, मागे आपण बोरू घेऊन. तेव्हा इथल्या लोकांना मराठी शिकणं भाग होतं, कारण सही आपल्या हातात होती. ती भाषा नव्हे, ती चौकी. दरबार गेला, सही गेली, आणि त्या दिवसापासून ती खरी आपली झाली. आता इथे जो मराठी बोलतो तो मर्जीने बोलतो. पोह्यांवर जिरावण घाला असा हुकूम कुणी काढला होता का? आपण पोहे केले, त्यांनी जिरावण भुरभुरलं, आता कुणाचं काय ते सांगता येत नाही. ज्याला चव लागते तो खातो. भाषेचं तसंच. मोकळी सोड, टिकेल." मी विचारलं, "आणि नाही टिकली तर?" तुम्ही कप माझ्यापुढे सरकवलात. "साखर घाल तुला हवी तेवढी." उत्तर दिलं नाहीत. ते मला तेव्हा लक्षात आलं नाही. मला वाटलं, साखर हेच उत्तर आहे.

माझा पहिला लेख छापून आला तेव्हा तुम्ही मला भेट दिलीत ती तुमच्या लक्षात असेल का? दवाखान्यात मिळते तशी कापसाची गुंडाळी. कागदात बांधलेली, वर काही लिहिलेलं नाही. मी बघतच राहिलो. "टाळ्या वाजायला लागल्या की कानात घाल," म्हणालात. ती मी पुष्कळ वर्षं जपली आणि मग घरात कुणाचा तरी गुडघा फुटला त्यात ती गेली. म्हणजे सत्कारणी लागली. टाळ्यांच्या बाबतीत मात्र मी उघड्या कानाचाच राहिलो. पोट हिंदीवर चालतं माझं. इथल्या हिंदी पेपरात आठवड्याला एक टवाळखोर सदर लिहितो. मराठीत लिहितो ते हौस म्हणून, आणि ते वाचणारे लोक फोन करून सांगतात की वाचलं, पण मुलांना वाचून दाखवावं लागलं.

तुमच्यानंतर गुरुवार मी चालवला. चालवला म्हणजे काय, कुलूप उघडायचं, फळा पुसायचा. लोक कमी होत गेले. जे उरले त्यांना साखर चालत नाही, तेव्हा तुमच्या त्या उत्तराचाही काही उपयोग राहिला नाही. पण सर, या गावात माणसाने मनातलं बोलावं आणि कुणी त्याचा व्हिडिओ काढू नये, कुणाच्या भावना दुखू नयेत, बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी माफी मागायला लागू नये, अशी ती एकच खोली उरली होती. बाहेर सगळीकडे आता भाविक आहेत. मी मंदिरातल्या भाविकांबद्दल बोलत नाही, ते बिचारे रांगेत उभे असतात. मी विचारांच्या भाविकांबद्दल बोलतोय. प्रत्येकाचा एक देव ठरलेला, प्रत्येकाचं दुसऱ्याच्या तोंडावर लक्ष. बंदी हवी असं सगळ्यांचं म्हणणं. कशावर, एवढाच काय तो मतभेद. पूर्वी मला वाटायचं सरकार लोकांचं स्वातंत्र्य घेतं. आता वाटतं, लोक सरकारच्या दारात स्वातंत्र्य टोपलीत घालून ठेवून येतात, वर बेल वाजवून पळतात.

तर, गेल्या महिन्यात फळ्यावर एक नाव आलं. टावर चौकाजवळ भैरवगढच्या छपाईच्या चादरींचं दुकान चालवणारी एक बाई. आपल्याच जुन्या घराण्यातली मुलगी, लग्न मात्र माळव्यातल्या हिंदी घरात. वयाने माझ्याहून बरीच लहान, मला दादा म्हणते. तिने खडूने विषय लिहिला होता: "मी माझ्या मुलाला मराठी का शिकवली नाही." झालं. संध्याकाळपर्यंत त्या फळ्याचा फोटो मंडळातल्या प्रत्येकाच्या फोनवर. "मंडळाच्या छताखाली हे?" "उद्या इथे कुणीही काहीही बोलेल!" (बोलायचंच होतं, सर. गेली कित्येक वर्षं तेच चाललं होतं. कुणी यायचं नाही म्हणून त्यांना माहीत नव्हतं.) एका गृहस्थांनी लिहिलं, "यह मातृभाषा का अपमान है", आणि त्याखाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. अध्यक्षांनी रविवारी सभा बोलावली. ठराव दोन कलमी: गुरुवारच्या बैठकीत फक्त शुद्ध मराठीतच बोलायचं, आणि विषय आधी समितीकडून मंजूर करून घ्यायचा.

आता इथे तुम्ही मला पेचात पकडलंत. मंडळ खाजगी आहे. खोली त्यांची, फळा त्यांचा, खडूसुद्धा त्यांचा. त्यांनी नियम करायचे नाहीत तर कुणी करायचे? सरकारने कुलूप ठोकलं असतं तर मी तीन लेख लिहिले असते, वर हुतात्मा झालो असतो. आपल्याच लोकांनी आपल्याच खोलीला चहा पाजत कुलूप लावलं तर त्याविरुद्ध कुठल्या कलमाखाली ओरडायचं? तुम्हीच शिकवलंत की त्यांना तो हक्क आहे. मला फक्त उभं राहून विनंती करण्याचा हक्क आहे. बरं, विषय वाचून माझंही डोकं फिरलं होतं. शिकवलं नाही तर नाही, त्याचा डंका कशाला? पण तिला बोलू द्यावं यासाठी उभं राहायचं ठरवलं. तिला बोलू दिलं नाही तर ती खोली गेली, आणि ती खोली गेली तर तुमचं या गावात काय राहिलं, मला सांगा.

रविवारी सभागृह भरलेलं. पंखे फिरताहेत, पुढच्या रांगेत सगळे निवृत्त, मागच्या रांगेत त्यांना घरी न्यायला आलेले. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, नागपूरकडचे, माणूस सज्जन. इतका सज्जन की त्याच्यावर लिहिता येत नाही. ती बाई शेवटून दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स, कुणाच्या शेजारी नाही. "विरोधात कुणाला बोलायचंय?" मी उभा राहिलो, "मला." आणि सवयीप्रमाणे, तुमच्या नियमाप्रमाणे, आधी अध्यक्षांची बाजू मांडायला लागलो.

म्हटलं, गरम पातेलं उचलायची एक वस्तू असते, तिला आपण सांडशी म्हणतो. माझी मुलगी बंगळुरूला नोकरी करते. परवा तिने फोनवर विचारलं, बाबा, ते गरम पकडनेवाला कुठे मिळेल? मी हसलो. मग हसू थांबलं. हा शब्द कुणी मारला नाही. मोर्चा आला नाही, बंदी झाली नाही. आपणच 'चालतं' म्हणालो. चालतं म्हणणाऱ्या घरातून भाषा भांडून जात नाही. दुपारी सगळे झोपलेले असताना चपला हातात घेऊन निघून जाते. आपल्या आईबापांनी हट्ट धरला, म्हणून आज आपण या सभागृहात एकमेकांना समजतो आहोत. तेव्हा तो जाच वाटायचा, आज आपण त्यालाच वारसा म्हणतो. मग थोडा जाच आपणही का करू नये? एका खोलीत, आठवड्यातून एकदा. एवढंही मागायची लाज वाटत असेल तर दारावरची पाटी उतरवू या, आणि आत चादरींचं गोडाऊन काढू या.

सर, पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, अगदी तुम्हाला हवी होती तशी. म्हणजे पहिला भाग झाला. मी घोटभर पाणी प्यायलो आणि म्हटलं, "आता माझं म्हणणं..." पण ते कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही. टाळ्या सुरू झाल्या होत्या. अध्यक्ष उभे, आवाज भरून आलेला: "याहून सुंदर कोण मांडणार! मी तर म्हणतो, चर्चेची गरजच उरली नाही. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत." हातच हात. मी ओरडलो, "अहो थांबा, मी विरोधात आहे!" त्यावर सभागृह खळखळून हसलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बघा, यांना गप्प बसवत नाही, शेवटी कोटी केलीच." मी म्हटलं, "कोटी नाही, खरंच विरोधात आहे." आणखी हशा. एवढी वर्षं लोकांना हसवण्याचा हा परतावा. "प्रतिकूल?" अध्यक्षांनी विचारलं. मी हात वर केला. ते प्रेमाने म्हणाले, "तुमचा हात आधीच धरला आहे हो." मागे आणखी एक हात वर होता. तिचा. त्यांनी तो पाहिला, आणि पुटपुटले, "ठीक, ठीक, बहुमताने मंजूर." मग मला नारळ मिळाला. शाल मिळाली. आणि विषय-मंजुरी समितीचा प्रमुख म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं तर अध्यक्ष म्हणाले, "हाच तर मोठेपणा!" घरी जाऊन फोन केला, परत नाही म्हटलं. परत मोठेपणा.

तुमचा नियम चुकीचा नव्हता. पण तो नियम चालायला समोर दुसरा भाग ऐकायला थांबणारी माणसं लागतात, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. तुमच्या काळी ती असायची. तुम्हाला वाटलं असेल ती हवेसारखी असतात, कायमची. आता लोक आपली बाजू ऐकली की उठतात. त्यात ती सुंदर ऐकायला मिळाली तर टाळ्या वाजवून उठतात.

बाहेर चपलांपाशी ती बाई भेटली. माझ्या बगलेत शाल, हातात नारळ, आणि मी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधतोय. म्हणाली, "दादा, बढिया बोललात. अर्धंच बोललात, पण बढिया." मी चाट पडलो. "अर्धं आहे हे तुम्हाला कसं कळलं?" "आमचे बाबा तुमच्या त्या गुरुवारवाले होते ना. घरी भांडतानाही पहिले आईची बाजू मांडायचे. आई म्हणायची, इतकं कळतंय तर मग भांडताय कशाला." मला हसू आलं, तिला नाही. "मी थांबले होते दुसऱ्या हिश्शासाठी. यांनी बोलूच नाही दिलं. तर तो उधार राहिला आप पे. दुकानावर या, चुकता करून जा." आणि स्कूटरला किक मारून गेली.

आज तिचा गुरुवार होता. समितीने विषय मंजूर केला नाही म्हणून बैठक नव्हती. समितीचा प्रमुख टावर चौकात पोह्यांच्या मागे हिंडत होता. तिथून उपाशीपोटी तिच्या दुकानात गेलो. दुकान अरुंद, तिन्ही भिंतींना चादरींच्या घड्या, लाल-काळ्या छापाच्या, नव्या रंगाचा वास. तिचा नवरा गल्ल्यावर, ती गादीवर. दर्शनाला आलेलं एक कुटुंब चादरी उलगडून बघत होतं. मी बसलो. नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, उधारी चुकती करायला आलोय, पण आधी नियमाप्रमाणे तुमची बाजू ऐकली पाहिजे. ती चादरीची घडी घालत बोलायला लागली, जणू भाव सांगत होती.

"काही खास नाही, दादा. घरी जेवताना हिंदी शब्द निघाला तर बाबा ताट बाजूला घ्यायचे. 'नमक' म्हटलं की मीठ मिळायचं नाही. शब्द आठव, मग माग. मारलं नाही कधी, जोरात बोलले पण नाही. नुसते बघत बसायचे. लहान होते मी, त्या बघण्यातच शब्द उडून जायचा. मग मी मागणंच सोडलं. अळणीच खायची. अजून पण मी मीठ कमीच खाते, यांना विचारा." नवऱ्याने हिशेबातून मान वर केली, हलवली. "शुद्ध मराठी मला येते, दादा. तुमच्याहून चांगली येत असेल. पण त्या मराठीत मला बाबांशी दोन गोष्टी बोलता नाही आल्या. ते गेले तेव्हा पण मी आधी मनात वाक्य नीट लावलं आणि मग बोलले, तोवर ते ऐकायच्या पलीकडे."

मी विचारलं, "म्हणून मुलाला शिकवली नाहीत? राग म्हणून?"

"राग कसला. शिकवायला बसले होते एकदा. त्याने चूक केली, आणि मी त्याच्याकडे बघितलं. तसंच. बस, उठले. दुसऱ्या तऱ्हेने शिकवायची कशी ते मला येतच नाही ना."

सर, तिचे वडील मला आठवतात. गुरुवारी तुमच्या उजव्या हाताला बसायचे. मोकळेपणाबद्दल त्यांच्याइतकं सुरेख कुणी बोलत नसे. तुम्ही त्यांचं उदाहरण आम्हाला द्यायचात. पत्नीची बाजू मांडणारा माणूस, आणि मुलीची बाजू मांडायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. रविवारी मी सभागृहात ज्याला 'थोडा जाच' म्हणून टाळ्या घेतल्या, तो जाच माझ्यासमोर बसून चादरीची घडी घालत होता. गुरुवारी तिला हेच बोलायचं होतं. पंधरा माणसांनी ऐकलं असतं, चौघांनी नाकं मुरडली असती, एखाद्याने घरी जाऊन पोराकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. तेवढंच. तेवढं आता होणार नाही.

मी उधारी चुकती करायला लागलो. मराठीतच सुरू केलं होतं. नवरा म्हणाला, "भाईसाब, हिंदी में बोलो तो मैं भी सुन लूँ, मेरा भी बच्चा है." मग हिंदीत बोललो. त्या ठरावाच्या विरोधातलं माझं भाषण, सर, मी शेवटी हिंदीत केलं, आणि श्रोते दोन, शिवाय चादरी बघणारं ते कुटुंब. म्हटलं, भाषा किसी के बाप की नहीं होती, इनके बाप की भी नहीं. जिसे बोलना है बोले, जिसमें बोलना है बोले, टूटी बोले, मिला के बोले. पहरा बिठा के जो बचती है वो बोली नहीं, कवायद है. आणि असंच पुढे. तुमचं सगळं, तुमचं जिरावणसुद्धा. मधेच त्या कुटुंबातल्या बाईंनी विचारलं, "भैया, ये डबल बेड की है?" मी म्हटलं, "मुझे नहीं पता, मैं भाषण दे रहा हूँ." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि दुसरी चादर ओढली.

नवऱ्याने नीट ऐकलं. मग विचारलं, "मतलब आपके हिसाब से चलें तो मराठी बच जाएगी?"

तुम्ही चहाचा कप सरकवला असतात. माझ्याकडे कप नव्हता. मी म्हटलं, "नहीं. जाएगी."

"और उनके हिसाब से चलें तो?"

"तब भी जाएगी."

"तो फिर बहस काहे की, भाईसाब?"

"नमक की," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं नाही. घडी पूर्ण केली, चादर फळीवर सरकवली, हात झटकले. "हो गया, दादा. चुकता," म्हणाली, आणि त्या बाईंना डबल बेडची चादर काढून दाखवायला लागली.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घराच्या जागी आता यात्रेकरूंचं हॉटेल आहे. त्या पत्त्यावर टाकलं तर काउंटरवरचा माणूस खोली नंबर विचारेल. तेव्हा ठेवून देतो. फक्त एक सांगतो, आणि ते मी तिला सांगितलं नाही, घरीही सांगणार नाही. दुसरा भाग मी नेकीने बोललो, त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. पण पहिला भाग जास्त चांगला झाला होता, सर. आणि तो बोलताना मी समोरच्याची बाजू मांडत नव्हतो.